क्लिक मिनिटभरात ठेक्यापासून सुटतो? ऑडिओ फाइलमधून गाण्याचा टेम्पो अचूक काढताना

तक्रार ठरलेली असते. एखाद्या जुन्या गाण्याचा कराओके ट्रॅक करायचा आहे, किंवा स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी त्याखाली नवा ऱ्हिदम बसवायचा आहे. फाइल सॉफ्टवेअरमध्ये घेतली, टेम्पो ओळखायचं बटण दाबलं, ९६ आलं, म्हणजे मिनिटाला ९६ ठोके (बीपीएम). त्या वेगाची टिकटिक, म्हणजे क्लिक, लावला तर मुखडा छान जुळतो, पण पहिल्या कडव्यापर्यंत क्लिक एकीकडे आणि तबला दुसरीकडे. दुसऱ्या सॉफ्टवेअरला विचारलं तर ते १९२ म्हणतं, तिसरं ६४.

बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एकही आकडा निव्वळ चुकीचा नसतो आणि एकही वापरण्याजोगा नसतो. सॉफ्टवेअरचा आकडा हा अंदाज आहे. तो हातानं मोजून पक्का करावा लागतो, आणि त्याला पाच मिनिटं पुरतात.

आधी एक गोष्ट तपासा, कारण तिच्यापायी लोक तासन् तास घालवतात. टेम्पोचा आकडा बदलला तरी घसरण जशीच्या तशी राहते का? तसं असेल तर प्रकल्पाच्या टेम्पोबरोबर गाणंसुद्धा ताणलं जातंय. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ आयटमचा टाइमबेस मुळात 'बीट्स'वर असतो, म्हणजे टेम्पो कमी केला की फाइलही लांबते. आयटम प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तो 'टाइम' करा. एबलटन लाइव्हमध्ये क्लिपचं 'वॉर्प' बंद करा. फाइल मूळ वेगात स्थिर राहिल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही. फाइल एमपी३ असेल तर ती आधी वेव्हमध्ये बदलून घ्या. व्हेरिएबल बिटरेटच्या एमपी३मध्ये काही प्लेअर आणि एडिटर मधल्या जागा अंदाजानं शोधतात, त्यामुळे तुम्ही वाचलेली वेळच खरी नसते.

घसरण कशी होते ते बघा

पहिल्या समेवर, म्हणजे तालाचा फेरा (आवर्तन) जिथून सुरू होतो त्या ठोक्यावर, ग्रीडची (टेम्पोनुसार पडद्यावर आखलेल्या जाळीची) रेषा नेमकी बसवा. मग दहाव्या, विसाव्या, तिसाव्या आवर्तनाच्या समेपाशी जाऊन वेव्हफॉर्म मोठा करून बघा. रेषा आणि ठोका यांच्यातलं अंतर तुम्हाला कारण सांगतं.

अंतर एकाच दिशेनं, सारख्या प्रमाणात वाढत असेल तर आकडा थोडा चुकलाय. ठोका रेषेच्या उजवीकडे सरकत असेल तर गाणं क्लिकपेक्षा संथ आहे, बीपीएम कमी करा. डावीकडे सरकत असेल तर वाढवा.

अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच राहत असेल तर टेम्पो बरोबर आहे, फक्त सुरुवातीची खूण चुकली. एमपी३मध्ये हे बरेचदा होतं. लेम एन्कोडर फाइलच्या पुढे ५७६ नमुने (सॅम्पल) जोडतो आणि डीकोडरचे ५२९ धरले तर ४४,१०० हर्ट्झच्या फाइलमध्ये २५ मिलिसेकंदांची भर पडते. अशा वेळी टेम्पोला हात लावू नका, गाणं नुसतं सरकवा.

अंतर कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर वादकांची लयच हलतेय. याच्याकडे शेवटी येऊ.

आणि एका जागेपर्यंत सगळं जुळतं, तिथून पुढे एकदम फरक पडतो, असं असेल तर तो फरक मोजा. तो बरोबर एका किंवा दोन ठोक्यांचा असेल तर मधलं म्युझिक संपून कडवं सुरू होताना अर्धं आवर्तन जास्त किंवा कमी घेतलेलं आहे. चित्रपटगीतांत आणि भावगीतांत हे नेहमी आढळतं. फरक विचित्र आला, म्हणजे पाव किंवा सव्वा ठोका वगैरे, तर तिथे फाइल कापून जोडलेली आहे.

हातानं मोजायची पद्धत

सूत्र साधं आहे: दोन खुणांमधल्या ठोक्यांच्या फटी गुणिले ६०, भागिले दोन खुणांमधले सेकंद. सगळी अचूकता तीन गोष्टींवर ठरते: खूण कुठे करता, किती लांबचा पल्ला घेता आणि मोजणी कुठून सुरू करता.

ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये फाइल उघडा. गाणं चालू असताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या क्षणी लेबल पडतं. पहिल्या स्पष्ट समेवर एक लेबल टाका, मग जिथपर्यंत ठेका अखंड चालू आहे तिथल्या शेवटच्या समेवर दुसरं. ही लेबलं बोटाच्या वेगानं पडलेली आहेत, त्यामुळे आता प्रत्येकापाशी जाऊन वेव्हफॉर्म इतका मोठा करा की पडद्यावर साधारण पाव सेकंद दिसेल. 'धा'चा आकार ओळखू येतो. आधी चाटेवरच्या (तबल्याच्या कडेवरच्या) बोटाचा तीक्ष्ण काटा आणि त्याच्यामागे डग्ग्याच्या रुंद, गुबगुबीत लाटा. खूण काट्याच्या पायथ्याशी करायची. बरेच जण सर्वांत उंच शिखरावर करतात. ते शिखर बहुधा डग्ग्याचं असतं आणि डग्ग्याची एकेक लाट दहा-बारा मिलिसेकंदांची असते, म्हणजे एकदा पहिल्या लाटेवर आणि एकदा दुसऱ्या लाटेवर खूण झाली की तेवढी चूक पदरात.

आता मोजणी. केरव्याचं गाणं आहे असं धरू, आवर्तनाला चार ठोके. पहिल्या समेला 'शून्य' म्हणा, 'एक' नव्हे. पुढची सम आली की एक, त्यापुढची दोन. शेवटच्या खुणेला ३२ आलं तर मधे ३२ आवर्तनं, म्हणजे १२८ ठोके. समजा पहिली खूण १२.४८२ सेकंदांवर आणि शेवटची ९२.९८१वर आहे. फरक ८०.४९९ सेकंद. १२८ गुणिले ६० म्हणजे ७६८०, भागिले ८०.४९९, उत्तर ९५.४०.

पहिल्या समेलाच 'एक' म्हटलं असतं तर शेवटी ३३ आलं असतं आणि उत्तर ९८.३९. हा आकडाही पटण्यासारखाच दिसतो, म्हणून ही चूक घातक. चारच ठोके मोजताना एकाची चूक झाली तर उत्तर २५ टक्क्यांनी चुकतं आणि लगेच कळतं. लांब पल्ल्यात ती लपते. यावर उपाय म्हणून आधी चार आवर्तनांचा छोटा हिशेब करून ठेवा. वरच्या गाण्यात १६ ठोक्यांना १०.०६ सेकंद लागतील, म्हणजे ९५.४च्या आसपास. छोटं आणि मोठं उत्तर यांत एकापेक्षा जास्त फरक आला तर एक तर मोजणी चुकली, नाही तर गाणं मधे चढलंय.

लांब पल्ला कशासाठी, तर दोन्ही खुणांची मिळून २० मिलिसेकंदांची चूक धरली तरी ८० सेकंदांत ती ०.०२५ टक्के भरते, म्हणजे बीपीएममध्ये ०.०२. तीच चूक चार ठोक्यांच्या अडीच सेकंदांत पाऊण बीपीएम खाते. आणि पाऊण बीपीएम ही किरकोळ गोष्ट नाही. गाणं ९५.४चं आणि क्लिक ९६चा असेल तर तीन मिनिटांत एक सेकंदाहून जास्त अंतर पडतं, जवळजवळ दोन ठोके. टॅप टेम्पोच्या ॲपवर बोट आपटून आलेला आकडा याच कारणानं भरवशाचा नसतो. बहुतेक ॲप शेवटच्या मोजक्या टॅपांची सरासरी दाखवतात, म्हणून तो आकडा सारखा नाचत राहतो.

ज्यांना भागाकाराचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी दुसरी वाट: आत्ता लावलेला बीपीएम घ्या, त्याला ग्रीडवरच्या अंतरानं गुणा आणि गाण्यातल्या अंतरानं भागा. ९६वर ३२ आवर्तनं ८०.००० सेकंदांत व्हायला हवीत, गाण्यात ती ८०.४९९मध्ये झाली. ९६ गुणिले ८० भागिले ८०.४९९, तेच ९५.४०.

पडताळा घेताना ऑडॅसिटीतच 'जनरेट'मधून ऱ्हिदम ट्रॅक तयार करा, टेम्पो दशांशासकट द्या आणि सुरुवातीचा ऑफसेट १२.४८२ सेकंद ठेवा. गाणं पूर्ण डाव्या कानात, क्लिक पूर्ण उजव्या कानात टाका आणि हेडफोनवर थेट शेवटचा मुखडा ऐका. सुरुवात ऐकून काहीच कळत नाही, सुरुवात सगळ्याच आकड्यांना जुळते.

उत्तर ९५.९८ किंवा ९६.०२ आलं आणि गाणं कॉम्प्युटरवर ट्रॅक बांधण्याच्या जमान्यातलं असेल तर बेलाशक ९६ धरा. पण सगळे वादक एकत्र बसून वाजवत त्या काळातल्या गाण्याला पूर्णांकात कोंबू नका. तिथे ९५.४ हेच खरं उत्तर असू शकतं.

९६, १९२ की ६४

दुप्पट-निम्मी हा सर्वांत सामान्य घोटाळा. सॉफ्टवेअर आवाजातले उठाव शोधतं आणि ते किती अंतरानं परत येतात ते बघतं. केरव्यात प्रत्येक मात्रेला उठाव आहे, प्रत्येक ठोक्याला आहे आणि प्रत्येक समेलाही. त्यातला कोणता 'ठोका' मानायचा हे आवाजात लिहिलेलं नसतं, म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर १२०च्या जवळचा आकडा पसंत करतात. ७०च्या संथ भावगीताला १४० येतं ते त्यामुळे. पायानं ताल धरा, पाय ज्या वेगानं पडतो तो आकडा ठेवा. मिक्स (Mixxx) या डीजे सॉफ्टवेअरमध्ये दुप्पट आणि निम्मं करायची बटणं त्यासाठीच दिली आहेत.

तबलजींशी बोलताना मात्र आधी विचारून घ्या: मात्रा म्हणताय की ठोका? त्यांचा '१९२' आणि तुमचा '९६' एकच असू शकतो, कारण केरव्याच्या आठ मात्रा सॉफ्टवेअरच्या चार ठोक्यांत बसतात. लेहऱ्याची (तालाला धरून फिरणाऱ्या धूनची) ॲप मात्रा मोजतात, डीजेची सॉफ्टवेअर ठोके.

दादऱ्याची गंमत याहून गुंतागुंतीची आहे. मिनिटाला ३०० मात्रांचा दादरा घ्या. तीन-तीन मात्रांचे गट केले, 'धा धी ना, धा ती ना', तर मिनिटाला १०० ठोके. दोन-दोनचे केले तर १५०. म्हणून एक सॉफ्टवेअर १०० म्हणतं, दुसरं १५०, आणि दोघांच्या मात्रा तीनशेच आहेत. दोन आकड्यांमधलं प्रमाण २:३ निघालं की समजावं, गाणं तिस्र (तीन-तीनच्या गटांच्या) जातीचं आहे. इथेच आणखी एक खड्डा: तुम्ही पाय आपटून १०० काढलं आणि प्रकल्प ६/८ करून १०० टाकलं, तर क्लिक भलताच संथ वाजतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बीपीएम म्हणजे क्वार्टर नोट, आणि एका क्वार्टर नोटमध्ये ६/८च्या दोन मात्रा येतात. तिथे १५० टाकायचं. क्लिक मात्र तीन मात्रांमागे एक ठेवा, नाहीतर गायकाला त्रास होतो.

आकडा कायम १२३.०५ किंवा १२९.२० येतो

हे लिब्रोसा वापरणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी पुढे जावं. हे पायथन पॅकेज फाइल २२,०५० हर्ट्झवर आणतं आणि ५१२ नमुन्यांच्या उड्या मारत वाचतं, म्हणजे २३.२ मिलिसेकंदांची एक पायरी. दोन ठोक्यांमधलं अंतर पूर्ण पायऱ्यांतच मोजलं जातं, म्हणून उत्तरं ठरावीकच येऊ शकतात: १०७.६७, ११२.३५, ११७.४५, १२३.०५, १२९.२०, १३६.००. गाणं १२६चं असेल तर त्याला या यादीत जागाच नाही. हॉप लेंथ, म्हणजे उडीची लांबी, १२८ केली की पायऱ्या बारीक होतात आणि १२६.०५ मिळतं, पण तिथेही शेजारचे आकडे दीड बीपीएमवर आहेत.

खरा उपाय म्हणजे टेम्पोचा आकडा सोडून द्या आणि ठोक्यांच्या वेळांची यादी घ्या. ठोका क्रमांक आडव्या अक्षावर, वेळ उभ्या अक्षावर, आणि नमपायच्या पॉलीफिटनं त्यातून सरळ रेषा काढा. ६० भागिले रेषेचा चढ म्हणजे बीपीएम. शेजारच्या अंतरांचा मध्यक घेऊ नका, तो पुन्हा त्याच पायऱ्यांवर जाऊन पडतो. रेषा काढण्याआधी एखादं अंतर इतरांच्या दीडपट-दुप्पट आहे का ते बघा. तिथे एक ठोका सुटलेला असतो आणि पुढचे सगळे क्रमांक एकानं चुकतात.

दोन चुका इथे सारख्या होतात. हॉप बदलली, पण फ्रेमची वेळ काढताना नवी हॉप द्यायची राहिली, तर सगळ्या वेळा चौपट येतात. किंवा फाइल मूळ ४४,१०० हर्ट्झवर उघडली आणि पुढच्या फंक्शनला ते सांगितलं नाही, तर चार मिनिटांच्या गाण्याचा शेवटचा ठोका आठव्या मिनिटाला दिसतो. आणि संथ गाण्याला सतत दुप्पट येत असेल तर 'स्टार्ट बीपीएम' मुळात १२० असतो, तो ७० करून बघा.

फाइलच वेगळ्या वेगात आहे

मोजणी पक्की, पण मूळ तबकडीवरच्या किंवा दुसऱ्या फाइलच्या आकड्याशी जुळत नाही, तर दोन आकड्यांचा भागाकार करा. १.०८८ आलं तर ४४,१०० हर्ट्झची फाइल ४८,०००च्या वेगानं वाजतेय: ११०चं गाणं ११९.७ होतं, ४ मिनिटं १० सेकंदांचं ३:५०ला संपतं, आणि काळी एकमधलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतं. पेटी काढून बघा, कोणत्याच पट्टीशी सूर जुळत नाही. १.०४२ आलं तर चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटी 'पाल' (PAL) या टीव्ही पद्धतीच्या डिस्कसाठी वेग वाढवून २५ केलेल्या आहेत. तेच ४:१०चं गाणं बरोबर ४:००चं होतं.

कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलमध्ये प्रमाण ठरलेलं नसतं. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालायला हवी, पण पट्टा सैल झालेला प्लेअर दोन-तीन टक्के सहज चुकतो. मूळ ध्वनिमुद्रणात विजेची गुणगुण आली असेल तर तीच साक्षीदार होते. ऑडॅसिटीच्या प्लॉट स्पेक्ट्रममध्ये आकार ६५,५३६ ठेवून शांत जागा निवडा. भारतात ती गुणगुण ५० हर्ट्झला हवी. ५१.५ला दिसली तर टेप तीन टक्के जोरात चाललीय. फक्त ती गुणगुण फाइल उतरवताना तुमच्या केबलमधून आलेली नाही ना याची खात्री करा. केबलची गुणगुण नेहमी ५०वरच दिसते.

ठोका सापडतच नाही

भजनात टाळ सर्वांत मोठा ऐकू येतो आणि तो अनेकदा ठोक्यांच्या मधे पडतो. सॉफ्टवेअर टाळालाच ठोका समजतं, मग टेम्पो बरोबर पण ग्रीड अर्ध्या ठोक्यानं सरकलेली. फाइलची प्रत काढा, तिच्यावर १५० हर्ट्झचा लो-पास (त्याहून खालचाच आवाज ठेवणारा फिल्टर) लावा, की डग्गा किंवा पखवाजाची धूम उरते, आणि ती प्रत तपासायला द्या. उलट ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणात ताशाची तर्री अखंड चालते, तिथेही हाच उपाय. स्प्लीटर किंवा डेमक्ससारख्या साधनानं वाद्यं वेगळी केली तर केवळ 'ड्रम्स'ची फाइल बघून थांबू नका. ही साधनं पाश्चात्त्य ड्रम सेटवर शिकलेली आहेत. तबल्याचा मोठा भाग 'अदर'मध्ये जाऊन पडतो.

सुरुवातीचा आलाप, सतारीचा मुक्त तुकडा, शेवटचं लांबवलेलं म्युझिक हे सगळं कापून, ठेका चालू असलेला किमान ४० सेकंदांचा भाग तपासायला द्या. एवढ्यानंही पुष्कळ गाण्यांचे आकडे ताळ्यावर येतात.

लय हलतेय

याला बिघाड म्हणणं अन्यायाचं आहे. वादक कडव्यात मोकळे होतात, लग्गीत (तबल्याच्या जलद बोलांच्या जागी) चढतात, मुखड्यावर परत बसतात. गाण्याचा जीव त्यातच असतो. तेव्हा गाणं ताणून क्लिकवर बसवू नका, क्लिक गाण्यामागे न्या. दर चार आवर्तनांच्या समेवर खूण करा आणि प्रत्येक तुकड्याचा बीपीएम वेगळा काढून टेम्पो मॅपमध्ये भरा. प्रत्येक ठोक्यावर खूण करायचा मोह होतो, पण मग तुमच्या खुणांची पाच-दहा मिलिसेकंदांची चूकच क्लिकमध्ये थरथर होऊन ऐकू येते. लग्गी किंवा तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) असेल तिथे एका आवर्तनाच्या खुणा पुरतात. रेकॉर्डबॉक्स हे डीजे सॉफ्टवेअर वापरत असाल तर अशा गाण्यांसाठी ॲनालिसिस 'नॉर्मल'ऐवजी 'डायनॅमिक' ठेवा.

विलंबित ख्यालाच्या फाइलवर सॉफ्टवेअर चालवूच नका. विलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते आणि बहुतेक सॉफ्टवेअर मिनिटाला ४०च्या खाली बघतच नाहीत. ते मधल्या भरणीलाच ठोका समजतात. तिथे सम ते सम मोजा: १२ मात्रांना ४८ सेकंद, म्हणजे मिनिटाला १५ मात्रा. पुढचं आवर्तन ४६.५ सेकंदांचं असेल तर १५.५. बंदिशीच्या ओघात हा आकडा चढत जाणार, म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही लिहा.

वादकाला फाइल पाठवताना नुसतं '९५' असं नाव देऊ नका. आयडी३ टॅगमध्ये बीपीएमचा रकाना पूर्णांकाचाच आहे, तिथे दशांश गळतो. फाइलच्या नावात किंवा सोबतच्या निरोपात पूर्ण लिहा: केरवा, आवर्तनाला ४ ठोके, मुखडा ९५.४, दुसरं कडवं ९७.१, पहिली सम १२.४८२ सेकंदांवर, काळी एक, वेव्ह ४४,१००.